संध्याकाळी सहाची नोंद

चौथ्या मजल्यावरचा सात नंबरचा पलंग रिकामा होता. आजूबाजूला कुणी नाही हे दोनदा पाहून रोशनी त्यावर बसली. उशी छातीशी धरली, श्वासाच्या व्यायामाच्या, तीन प्लास्टिक गोळ्यांच्या यंत्राची नळी तोंडात घेतली आणि श्वास आत ओढला. पहिली गोळी टुणकन वर गेली. दुसरीही गेली. तिसरी मात्र... जागची हलेना.

"हळू. घाई करू नका. नाकानं नाही, तोंडानं."

दारात एक डॉक्टर उभा होता. हिरवी टोपी अजून डोक्यावर, मास्क गळ्यात, आणि दिवसभर ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहिल्याचा थकवा डोळ्यांत.

"दुखतंय का?" त्यानं जवळ येत विचारलं. "शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. किती?"

रोशनीनं नळी काढली आणि गंभीरपणे सांगितलं, "साडेपाच."

"साडे चालत नाही. पाच किंवा सहा."

"का चालत नाही?"

"कारण... हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. ऑपरेशन कधी झालं तुमचं?"

"झालंच नाही. मी कालपासून इथं नोकरीला आहे. पेशंटला जे करायला सांगणार, ते आधी स्वतः करून बघत होते."

तो असा हसला, की पलीकडच्या खोलीतून छाया सिस्टर डोकावल्या.

"मग साडेपाच कशाचे?"

"न विचारता पेशंटच्या पलंगाशी येऊन उभे राहिलात, त्याचे," रोशनी म्हणाली. कान गरम झाले होते तिचे, पण आवाज सरळ होता.

त्याचं नाव ज्ञानेश भोये. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा. नागलीची शेती करणाऱ्या घरातला पहिला डॉक्टर, आणि आता भूल देण्याच्या शास्त्रात एम.डी. करणारा. रोशनी एकलहऱ्याजवळच्या वसाहतीत वाढलेली. तिचे वडील झुंबरराव वीजकेंद्रात तीस वर्षं मीटरच्या काट्यांच्या नोंदी घेऊन नुकतेच निवृत्त झाले होते. ती संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि ज्ञानेशच्याच प्रबंधासाठी तिची नेमणूक झाली होती. हे त्या दोघांनाही त्या क्षणी, त्या रिकाम्या पलंगाशी कळलं.

"म्हणजे सुई टोचणारे तुम्ही," ती म्हणाली.

"आणि दुखणं मोजणाऱ्या तुम्ही. म्हणजे आपण पेशंटबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही."

"नऊ महिने."

"बाकीच्या विषयांवर तर बंदी नाही ना?"

रोशनीनं फाइल उघडून खरोखर एक पान उलटलं. "नाही. तसं कुठं लिहिलेलं दिसत नाही."

*

अभ्यास सांगायला सोपा होता. छातीचं ऑपरेशन हल्ली दुर्बिणीतून होतं. बरगड्यांमध्ये दोन-तीन छोटी छिद्रं, बस्स. जखम बोटाएवढी, पण बरगडीखालच्या नसा दुखावतात आणि मग माणूस खोल श्वास घ्यायला घाबरतो. खोकत नाही. कफ साठतो, ताप येतो, आणि चांगलं झालेलं ऑपरेशन वाया जायची वेळ येते. म्हणजे इथं दुखणं थांबवणं हे नुसतं दयेचं काम नव्हतं, तो इलाजाचाच भाग होता.

त्यासाठी दोन पद्धती होत्या. एकीत सर्जन ऑपरेशन संपताना बरगड्यांच्या मधल्या नसांशी औषध सोडायचे. दुसरीत ज्ञानेश सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत पाठीच्या कण्याशेजारी, स्नायूखाली औषध सोडायचा. कुणाला काय द्यायचं ते बंद पाकिटातल्या चिठ्ठीवर ठरायचं, आणि ते पाकीट थिएटरमध्येच उघडायचं. साठ पेशंट, तीस-तीस. पट्टी मात्र प्रत्येकाला दोन्हीकडे लावायची, पाठीवरही आणि कुशीतही, म्हणजे वॉर्डात कुणालाच काही कळू नये. सगळ्यात जास्त म्हणजे रोशनीला कळू नये. कारण संध्याकाळी सहाला, आणि पुन्हा दुसऱ्या सकाळी, आकडा लिहिणारा हात तिचा होता, आणि एकदा कळलं की हात आपोआप एका बाजूला कलतो. हाताची लबाडी नसते ती. मनाची सवय असते.

म्हणून ज्ञानेश काचेबाहेर थांबायचा. वॉर्डाच्या दाराला हातभर काच होती. रोशनी नोंद घेत असताना तो तिथं यायचा, दोन मिनिटं उभा राहायचा आणि जायचा. आत कधीच नाही.

नोंद संपली की कधीकधी कँटीनमध्ये चहा व्हायचा.

"आज एक आजोबा होते," रोशनी एकदा बोलायला लागली आणि जीभ चावून गप्प बसली.

"पेशंटबद्दल बोलायचं नाही," तो म्हणाला. "पण मी माझ्या आजोबांबद्दल बोलू शकतो. त्यांच्या पायावर एकदा कुऱ्हाड पडली होती. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाले, नाय. रक्तानं ओटी भिजलेली, आणि म्हणे नाय. आमच्याकडं 'किती दुखतं' विचारलं तर उत्तर एकच. 'काय करता येत नाही' असं विचारलं, तर मात्र खरं सांगतात."

रोशनीनं कप खाली ठेवला. त्या संध्याकाळी अभ्यासातले पहिलेच पेशंट, पेठकडचे केरूबाबा, तिला ठणकावून "शून्य" म्हणाले होते आणि यंत्राची एकही गोळी त्यांना हलवता आली नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांना विचारलं, "बाबा, काय करता येत नाही?"

केरूबाबांनी छताकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "खोकाया नाय ये, पोरी. हासाया बी नाय."

यादव मॅडमना विचारून तिनं तेव्हापासून प्रत्येकाचे दोन आकडे लिहायला सुरुवात केली, एक पडून असताना आणि एक खोकताना. मार्गदर्शक डॉक्टर म्हणजे ललिता यादव मॅडम. त्या सहसा कुणाचं कौतुक करायच्या नाहीत. त्यांनी कागद वाचला आणि एवढंच म्हणाल्या, "हे मला सुचायला हवं होतं."

जानेवारीत ज्ञानेश गावाहून आला तेव्हा हातात स्ट्रॉबेरीची पाटी होती.

"आमच्या शेजारच्यांच्या मळ्यातली. घ्या."

"नोंद घेणाऱ्यानं भेट घ्यावी का, ते बघावं लागेल."

"मी भेट देतच नाहीये. मी पाटी इथं विसरून चाललोय."

"कधी परत न्याल?"

"रिकामी झाली की..."

थंडी अशी होती, की वॉर्डाच्या खिडक्या सकाळी दहापर्यंत उघडता येत नव्हत्या. रोशनी त्या दिवशी बसमध्ये पाटी मांडीवर धरून बसली आणि नाशिकरोड येईपर्यंत उगाचच हसत राहिली.

*

एप्रिलच्या शेवटी छाया सिस्टरनी तिची थट्टा केली.

"काचेकडं किती वेळा बघतेस गं? मान दुखेल. तोही मोजायला लागेल आकडा!"

"मी घड्याळ बघत होते, सिस्टर."

"घड्याळ या भिंतीवर आहे, बाई." सिस्टरनी सलाईनची बाटली अडकवता अडकवता डोळा मिचकावला. "आणि एक सांगू? तो काही तुला बघायला येत नाही. ज्या दिवशी त्याची स्वतःची सुई असते ना, त्या दिवशी बरोबर येतो. आपलं काम कसं झालं ते बघायला. सगळे डॉक्टर सारखेच."

"तुम्हाला कसं माहीत कुणाला कोणती सुई?"

"माहीत कुठलं! पण तो येतो त्या दिवशी पेशंट शांत असतात की नाही, तूच आठवून बघ."

सिस्टर हसत निघून गेल्या. रोशनी मात्र जिथल्या तिथं उभी राहिली.

सहा वाजले होते. पलंगावर सातपूरच्या कारखान्यात लेथ चालवणारा सोमनाथ होता. त्यानं उशी छातीशी धरली, खोकला आणि तोंड वाकडं केलं.

"किती, सोमनाथभाऊ?"

"पाच... का चार म्हणू, ताई? तुम्हीच लावा काय ते."

रोशनीची नजर काचेकडे गेली. ज्ञानेश उभा होता. तो आलाय, म्हणजे पाठीतली सुई. पाठीतली सुई, म्हणजे कमी दुखत असणार... आणि तिच्या लक्षात आलं, की पेनानं कागदावर चारची पहिली रेघ ओढलेली आहे.

तिनं पेन उचललं. रेघ खोडली, शेजारी सही केली, वेळ लिहिली.

"मी नाही लावणार, भाऊ. तुमचं दुखणं आहे. पुन्हा एकदा खोका, आणि तुम्हीच सांगा."

"पाच," सोमनाथ म्हणाला.

तिनं पाच लिहिलं. काचेकडे पुन्हा बघितलं नाही.

*

रविवारी सकाळी झुंबरराव ओट्याशी मेथी निवडत बसले होते. रोशनीनं शेजारी बसून अर्धी जुडी संपवली, मग बोलली.

"बाबा, एक गोष्ट खरी आहे की खोटी, मला माहीत नाही. पण मला शंका आली, एवढं खरं आहे. ती लिहून दिली, तर अडतीस पेशंटांचं काम बाद होऊ शकतं. एका चांगल्या माणसाचं वर्ष जाईल."

"चांगला म्हणजे किती चांगला?" वडिलांनी मान न वर करता विचारलं.

"बाबा!"

"बरं. आणि नाही लिहून दिली तर?"

"तर कुणालाच कळणार नाही."

झुंबररावांनी काड्या बाजूला केल्या. "मी तीस वर्षं काटे वाचले. एकदा काटा दिसायच्या आधीच मी आकडा लिहिला होता. रोज तोच असायचा म्हणून. निघालाही तोच. पण तो आकडा मी वाचलेला नव्हता, हे मला माहीत होतं ना. अजून आठवतं बघ." ते उठले. "जेवायला मेथीच करू. तुला कागद लागेल तर कपाटात आहे."

सोमवारी रोशनी यादव मॅडमपुढे उभी राहिली. कागदावर अडतीस ओळी होत्या. प्रत्येक पेशंटचा क्रमांक, नोंदीची तारीख, आणि त्या संध्याकाळी डॉ. भोये काचेशी आले होते की नाही. आले असतील, तर किती वाजता. चोवीस वेळा आले होते. चौदा वेळा नव्हते.

मॅडमनी चष्मा खाली घेतला. "ही नोंद तू रोज ठेवत होतीस?"

"नाही मॅडम. काल बसून लिहिली. आठवून."

"अडतीस दिवसांची? वेळेसकट?"

"निरीक्षण हे माझं कामच आहे, मॅडम," रोशनी म्हणाली. या वेळी मात्र आवाज थोडा डळमळला.

मॅडमनी कागद पाकिटात घातला. "याची पडताळणी करून घेते आणि सील करते. साठ पेशंट झाले की चिठ्ठ्यांच्या यादीशी लावून बघू. त्याचं येणं आणि सुई यांचा मेळ बसला, तर हे अडतीस बाद. तोवर मीही बघणार नाही. मला कळलं तर माझ्या तोंडावरून तुला कळेल. आणि उरलेल्या बावीस पेशंटांच्या वेळी भोयेनं चौथ्या मजल्यावर पाऊल ठेवायचं नाही." मग त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "हे न सांगताही तुझं भागलं असतं, रोशनी."

"माझं नसतं भागलं, मॅडम."

संध्याकाळी जिन्यात तो भेटलाच. तीन पायऱ्या खाली उभा होता, म्हणून दोघांचे डोळे एका पातळीवर आले होते.

"तुम्ही माझ्याविरुद्ध कागद दिलात."

"तुमच्याविरुद्ध नाही. माझ्याविरुद्ध. आकडा लिहिणारा हात माझा आहे."

त्याच्या चेहऱ्यावर आधी राग होता. मग तो कुठंतरी विरघळून गेला. "रोशनी, मी तिथं का येत होतो ते—"

"थांबा!" तिनं हात पुढे केला. "बोलू नका. 'सुईसाठी येत होतो' म्हणालात, तर कुणाला कोणती सुई, ते सगळं मला कळेल. आणि 'नाही' म्हणायची मोकळीक असेल, तर उद्या तुमच्या गप्प बसण्याचा अर्थही 'हो' होईल. म्हणून दोन्ही बंद."

"म्हणजे माझ्याकडं सांगण्यासारखं काही असलं, तरी...?"

"असलं तरी. नसलं तरी."

"आणि तुम्हाला ऐकायचं असलं तरी?"

रोशनीनं कठड्याला घट्ट धरलं. ऐकायचं होतं. त्या जिन्यात, त्या क्षणी, तिला दुसरं काहीच ऐकायचं नव्हतं.

"तरीसुद्धा," ती म्हणाली.

ज्ञानेशनं मान हलवली. त्यात हार नव्हती, उलट काहीतरी ताठ होतं, अभिमानासारखं. "बावीस पेशंट," तो म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

*

बावीस पेशंटांना साडेतीन महिने लागले.

कळवणच्या एक शिक्षिका आल्या. त्या दुखण्याला गुण द्यायच्या, तेही पेपर तपासल्यासारखे. भागीबाई आल्या. त्यांनी छातीतल्या नळीची बाटली भाजीच्या पिशवीत घालून पहिल्याच दिवशी वॉर्डाला दोन फेऱ्या मारल्या. जुलैच्या भुरभुर पावसात खिडक्या धुरकट झाल्या. रोज सहाला रोशनीची मान आपोआप वर व्हायची. काचेपलीकडे रिकामा बोळ असायचा. मान खाली घालून ती आकडा लिहायची... स्वच्छ, सरळ, एकही खाडाखोड नसलेला.

कधी तिला वाटायचं, सिस्टर म्हणतात तेच खरं असणार. तो सुईसाठीच येत असणार. मग अडतीस पेशंट जातील, त्याचं वर्ष जाईल, आणि तिच्याकडे उरेल फक्त एक खरा कागद. तशा दिवशी ती जास्तच काळजीपूर्वक काम करायची. तिच्या हातात तेवढंच होतं, आणि तेवढं मात्र तिला कुणी नावं ठेवणार नाही असं करायचं होतं.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात यादव मॅडमच्या खोलीत तिघं बसले. टेबलावर दोन पाकिटं होती. मॅडमनी आधी दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवली, आणि पट्टी लावून एकेक ओळ खाली सरकत गेल्या. रोशनी भिंतीवरच्या फॅनच्या बटणांकडे बघत होती. ज्ञानेश स्वतःच्या नखांकडे.

"आला ते दिवस चोवीस," मॅडम म्हणाल्या. "त्यात पाठीची सुई तेरा. बरगडीची अकरा."

रोशनी बटणं सोडून पट्टीकडे बघायला लागली.

"आला नाही ते चौदा. पाठीची सहा, बरगडीची आठ." मॅडमनी पट्टी खाली ठेवली. "तू संख्याशास्त्रवाली. तूच सांग."

"संबंध... नाही," रोशनी म्हणाली. मग मोठ्यांदा, "काहीच संबंध नाही, मॅडम! नाणं उडवल्यासारखं आहे. अडतीसही राहतील!"

"राहतील. आणि तुझा कागद प्रबंधात शेवटी जोडायचा. असं स्वतःहून तपासलेलं काम मी फार पाहिलेलं नाही." मॅडमनी चष्मा पुसला. "आता एक प्रश्न राहिला. डॉक्टर भोये, सुई कुठलीही असो, आपण चौथ्या मजल्यावर येत होता. कशासाठी?"

"मॅडम," ज्ञानेश अदबीनं म्हणाला, "ते या अभ्यासाच्या कक्षेबाहेर आहे."

मॅडम हसल्या. त्या हसल्या म्हणजे उठायची वेळ झाली, हे दोघांनाही कळलं.

पुढच्या चार दिवसांत आकडेमोड झाली. पडून असताना दोन्ही पद्धतींत काही फरक नव्हता. खोकताना मात्र पहिल्या दिवशी पाठीच्या सुईवाल्यांना थोडं कमी दुखलं होतं. दुसऱ्या सकाळी दोन्ही सारखे. त्यांच्या साठ पेशंटांपुरतं सत्य एवढंच होतं. जगाला थक्क करणारं नव्हतं. पण त्यातला एकेक आकडा खरा होता, आणि रोशनीला त्या छोट्याशा तक्त्याकडे बघताना आपली उंची वाढल्यासारखी वाटली.

"तुमची सुई जिंकली," ती म्हणाली. कँटीनच्या मागच्या कट्ट्यावर दोघं बसले होते.

"अर्धा दिवस. तोही खोकताना. आणि तो फरक तू खोकताना विचारलंस म्हणून सापडला." तो 'तू' म्हणाला होता. दोघांनीही ते ऐकलं, दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं. "आता बोलू का?"

"आता... हो."

"पहिल्या दिवशी एक मुलगी पेशंट नसताना पेशंटचं यंत्र ओढत बसली होती. मी घरी जाऊन विचार करत बसलो, की अशी माणसं असतात? मग रोज सहाला खात्री करायला यायचो. असतात. चौदा दिवस नाही येऊ शकलो, तेव्हा इमर्जन्सी होती. प्रत्येक वेळी त्या पेशंटवर मनातल्या मनात चिडायचो, आणि मग त्याची माफी मागायचो."

रोशनीला हसू आवरेना. डोळेही आवरेनात. "साडेतीन महिने मला वाटत होतं, तुम्ही सुईसाठी... आणि तुम्ही काय समजत होता? रागावला होतात?"

"मी? मला तर सगळं कळलेलं होतं."

"काय कळलेलं होतं?"

"मॅडमनी तुझा कागद सील करायच्या आधी माझ्याकडून तपासून घेतला. खाली माझी सही आहे. अडतीसच्या अडतीस ओळी बरोबर होत्या. मी सहा दहाला आलो की सहा वीसला, तेसुद्धा." तो थोडा पुढं झुकला. "कुठंही लिहून न ठेवता. कुणाचं येणं असं उगाच कुणाच्या लक्षात राहत नाही, रोशनी."

"म्हणजे तुम्हाला एप्रिलपासून माहीत होतं... आणि मी एकटीच...!"

"दोन्ही बंद, असं तूच म्हणाली होतीस."

"तुम्ही फार वाईट आहात."

"दहापैकी किती?"

तिनं कट्ट्यावर ठेवलेल्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला, आणि तो तसाच ठेवून दुसऱ्या हातानं फोन काढला. लाजायचं तिनं ठरवलंच नव्हतं. जे खरं होतं ते ती आजवर सरळ मानेनं सांगत आली होती, हेही तसंच सांगायचं होतं.

"बाबा, निकाल लागला. अडतीसही राहिले."

पलीकडे झुंबररावांनी मोठा श्वास सोडल्याचं ज्ञानेशलाही ऐकू आलं.

"आणि बाबा... रविवारी एकजण घरी येतोय. जेवायला."

"कोण गं?"

"ज्याच्यामुळे तो कागद द्यावा लागला, तो."

झुंबररावांचा आवाज आला, हसरा आणि भरलेला.

"तू कागद दिलास, आणि तरी येतोय? मग माणूस सरळ दिसतो. घेऊन ये."